घाटाखालच्या उन्हात फुलणारी आमरी

व्हँडा टेसेलाटा ही भारतीय उपखंडातील कोरड्या पानझडी जंगलांत झाडांच्या खोडांवर आणि जाड फांद्यांवर वाढणारी आमरी आहे. आमरी म्हणजे ज्यांना आता सर्रास ऑर्किड म्हटले जाते त्या कुळातील वनस्पती. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या गणनेत देशातील आमरींच्या १५५ प्रजाती आणि १,२५६ जाती नोंदवल्या असून त्यांपैकी ७५७ जाती झाडांवर वाढणाऱ्या आहेत. या संपत्तीचा मोठा वाटा पूर्व हिमालय, ईशान्येकडील राज्ये आणि पश्चिम घाट अशा भरपूर पावसाच्या प्रदेशांकडे जातो, आणि त्यामुळेच आमरी म्हणजे धुके, ओल आणि सावली यांवाचून न जगणारे नाजूक फूल अशी समजूत पक्की झाली आहे. ही जात त्या समजुतीत बसत नाही. नेपाळपासून श्रीलंकेपर्यंत आणि पूर्वेकडे म्यानमारपर्यंत पसरलेली ही आमरी वर्षातून चारच महिने पाऊस पडणाऱ्या मुलखातही तग धरून राहते, आणि तिची फुले नेमकी भर उन्हाळ्यात उमलू लागतात.

बुलढाणा जिल्हा हा असाच मुलूख आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले असून लोकव्यवहारात त्यांना ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असेच म्हटले जाते: बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा हे तालुके घाटावर, तर मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, संग्रामपूर आणि जळगाव जामोद हे पूर्णेच्या खोऱ्यातले तालुके घाटाखाली. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर असल्याने तिथला उन्हाळा विदर्भाच्या मानाने सुसह्य असतो. खोऱ्यात मात्र मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते की ओला कपडा वाळायला अर्धा तास पुरतो. खोऱ्याच्या उत्तरेला सातपुडा सुरू होतो आणि तिथेच मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग असलेले सुमारे १२७ चौरस किलोमीटरचे अंबाबरवा अभयारण्य आहे. अजिंठ्याच्या रांगेत, बुलढाणा आणि खामगाव यांच्या दरम्यान, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य आहे, ज्याचे नाव २०१९ साली टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेल्या वाघामुळे देशभर झाले. साग, अंजन, सालई, धावडा, मोह, तेंदू आणि पळस यांची ही जंगले फाल्गुन-चैत्रात जवळजवळ निष्पर्ण होतात. मेळघाटासह विदर्भातील अशा जंगलांत एखाद्या जुन्या आंब्याच्या किंवा मोहाच्या खोडावर आमरी दिसली, तर ती बहुधा व्हँडा टेसेलाटाच असते.

दिसायला हे झाड साधेच असते, आणि फुले नसताना त्याच्याकडे कोणाचे लक्षही जाणार नाही. त्याचे खोड एकाच शेंड्याने वर वाढत जाते, म्हणजे हळदीसारखे जमिनीलगत आडवे पसरून दरवर्षी नवे कोंब काढत नाही. वनस्पतिशास्त्रात या वाढीला एकाक्ष वाढ म्हणतात, आणि पुढे निगा राखण्याचा विचार करताना हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो, कारण शेंडा एकच असल्याने तो कुजला की झाडाचे भवितव्य धोक्यात येते. ३० ते ६० सेंटिमीटर वाढणाऱ्या या खोडाच्या दोन बाजूंना पट्ट्यासारखी, चिवट, मधोमध दुमडलेली आणि खाली वळलेली पाने दोन रांगांत येतात, आणि त्यांची टोके कुरतडल्यासारखी दातेरी असतात. पानांच्या बेचक्यातून निघणाऱ्या दांड्यावर साधारण ६ ते १२ फुले येतात, प्रत्येक फूल चार-पाच सेंटिमीटर रुंद. पाकळ्यांचा रंग पिवळसर हिरव्यापासून निळसर राखाडीपर्यंत बदलता असतो व त्यावर तपकिरी रेषांची चौकटीदार जाळी उमटलेली असते. पाकळ्यांची मागची बाजू पांढरी असते. आमरींच्या फुलात एक पाकळी इतरांहून वेगळी, कीटकाला उतरायला जागा देणारी असते, तिला ओष्ठ म्हणतात. या जातीत तो निळसर जांभळा असतो आणि मागे त्याला एक लहान पोकळ शुंडिका, म्हणजे शेपटीसारखी नळी, असते. फुलांना गोड वास येतो आणि ती दोन-तीन आठवडे टिकतात. मोठ्या फुलांच्या संकरित आमरींपुढे हे फूल भडक वाटणार नाही. मात्र जवळून पाहणाऱ्याला त्यातली नक्षी अधिक समाधान देते, असे म्हणायला हरकत नाही.

या फुलावरील चौकटींमुळेच विल्यम रॉक्सबर्ग यांनी १७९५ साली कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या आपल्या चित्रमय ग्रंथात तिला ‘टेसेलाटम’ हे विशेषण दिले. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ चौकटीचौकटींचे असा होतो. रॉक्सबर्ग तोवर कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक झाले होते, पण या ग्रंथातील वनस्पती त्यांनी त्याआधीच्या आंध्र किनाऱ्यावरील वास्तव्यात गोळा केल्या होत्या आणि त्यांची चित्रे स्थानिक चित्रकारांकडून काढून घेतली होती. त्या काळी झाडांवर वाढणाऱ्या बहुतेक आमरी एकाच मोठ्या प्रजातीत कोंबल्या जात. विल्यम जोन्स यांनी याच सुमारास संस्कृतातील वंदा या नावाने या झाडाचे वर्णन केले होते, आणि १८२० साली रॉबर्ट ब्राउन यांनी तेच नाव घेऊन व्हँडा ही स्वतंत्र प्रजाती स्थापन केली, तीही याच जातीच्या आधारावर. म्हणजे आज थायलंड-सिंगापूरच्या रोपवाटिकांत लाखोंनी वाढणाऱ्या व्हँडांच्या संपूर्ण गटाचा नमुना म्हणून शास्त्रात ज्या वनस्पतीकडे पाहिले जाते, ती विदर्भातल्या आंब्यावरची ही दुर्लक्षित आमरी आहे. संकर करणाऱ्यांना मात्र तिचे मोल माहीत आहे. उष्णता सोसण्याची ताकद, आटोपशीर बांधा आणि सुवास या तीन गुणांसाठी ती जनक म्हणून वापरली गेली, आणि सुवासासाठी प्रसिद्ध असलेल्या ‘व्हँडा मिमी पामर’ या संकराची एक जनक हीच जात आहे.

मराठीत या झाडाला बांदा आणि रास्ना अशी दोन नावे आहेत आणि दोन्ही नावांनी गोंधळ उडतो. आयुर्वेदातील वातविकारांवरची रास्ना म्हणून बंगालकडे या आमरीची मुळे वापरली जातात; पण भारतीय आयुर्वेदिक औषधकोशाने रास्ना म्हणून प्लुचिया लॅन्सिओलाटा ही सूर्यफुलाच्या कुळातील जमिनीवरची वनस्पती निश्चित केली आहे, आणि दक्षिणेत कोष्ठकोळिंजनाच्या जवळच्या वनस्पती त्याच नावाने चालतात. तेव्हा काढ्यासाठी झाडावरून ही आमरी ओरबाडून आणणाऱ्याला शास्त्राचा आधार मिळतोच असे नाही. दुसरा गोंधळ अधिक नुकसानीचा आहे. बांदा हे नाव आणि झाडावर झाड अशी वाढ यांमुळे अनेक शेतकरी हिला बांडगूळ समजतात आणि आंब्याची छाटणी करताना काढून टाकतात. बांडगूळ ही अर्धपरजीवी वनस्पती आहे: तिची मुळे यजमान झाडाच्या सालीत घुसून आतल्या वाहिन्यांतून पाणी आणि क्षार ओढतात, त्यामुळे फांदी खंगत जाते, आणि म्हणून बांडगूळ काढणे योग्यच. आमरीची मुळे सालीच्या वरच राहतात. ती झाडाचा उपयोग केवळ आधार आणि उजेडात बसण्याची जागा म्हणून करते; अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. ओळखायचे असेल तर मुळांकडे पाहावे. खोडावरून मोकळी सरपटणारी, जाड, राखाडी-पांढरी मुळे दिसली, तर ती आमरी; फांदीतूनच फुटल्यासारखी दिसणारी आणि जोडाशी गाठ आलेली हिरवी फांदी दिसली, तर ते बांडगूळ.

जमिनीशी संबंध नसलेले, खालून पाणी न मिळणारे झाड एप्रिल-मे कसा काढते, हा या वनस्पतीबाबतचा सगळ्यात रंजक प्रश्न आहे, आणि तिची लागवड करू पाहणाऱ्याने त्याचे उत्तर आधी समजून घ्यावे, कारण पाणी किती, केव्हा आणि कुठे घालायचे याचे सगळे नियम त्यातूनच निघतात. उत्तराचा पहिला भाग मुळांच्या सालीत आहे. मुळाभोवती मृत, पोकळ पेशींचे अनेक थरांचे आवरण असते, त्याला वेलामेन म्हणतात. कोरड्या अवस्थेत या पेशींत हवा भरलेली असते आणि प्रकाश परावर्तित झाल्यामुळे मूळ पांढरे दिसते; पाण्याचा स्पर्श होताच काही क्षणांत हे थर पाणी शोषून पारदर्शक होतात आणि आतील हरितद्रव्य दिसू लागल्याने मूळ हिरवे होते. पावसाच्या पहिल्या सरीत झाडाच्या सालीवरून ओघळणारे पाणी धूळ, सुकलेली पाने आणि पक्ष्यांची विष्ठा यांतले क्षार सोबत घेऊन येते, आणि तेच पाणी वेलामेन टिपून घेते. उलट, कोरड्या काळात हेच आवरण आतल्या जिवंत भागातून पाणी उडून जाण्याचा वेग कमी करते. मात्र वेलामेन सतत ओले राहिले तर त्यातून हवा खेळत नाही, आतल्या पेशी गुदमरतात आणि मूळ कुजते. रानातील खोडावर असे कधी होत नाही, कारण पाऊस थांबला की वारा तासा-दोन तासांत मुळे सुकवून टाकतो.

उत्तराचा दुसरा भाग पानांत आहे. बहुतेक वनस्पती दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वाटेने भरपूर पाणी गमावतात. व्हँडा टेसेलाटा ही रंध्रे प्रामुख्याने रात्री उघडते, जेव्हा हवा थंड आणि तुलनेने दमट असते. घेतलेला वायू ती मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा रंध्रे मिटून, सूर्यप्रकाशाच्या जोरावर, त्याच साठ्यातून साखर तयार करते. निवडुंग, घायपात आणि पानफुटी यांचीही हीच रीत. या रीतीची एक जुनी नोंद भारतातीलच आहे: ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी पानफुटीची पाने सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट लागतात हे चाखून पाहिले आणि १८१५ च्या सुमारास लंडनच्या लिनीयन सोसायटीला पत्राने कळवले. आम्ल रात्री जमते आणि दिवसा संपते, एवढेच त्यामागचे कारण. पण ते पुरते उलगडायला पुढे शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

या दोन गोष्टी लक्षात घेतल्या की घरी आमरी वाढवताना सर्रास होणारी चूक कुठे असते हे लगेच कळते. रोपवाटिकेतून आणलेली आमरी कुंडीत, नारळाच्या काथ्यात किंवा त्याहून वाईट म्हणजे मातीत लावली जाते, इतर झाडांप्रमाणे रोज पाणी घातले जाते आणि दोन महिन्यांत तिची मुळे काळी पडतात. व्हँडाला कुंडीची गरज नाही. लाकडी पट्ट्यांची जाळीदार टोपली घेऊन तिच्या मध्यभागी रोप सैलसर बांधावे, आधारापुरते कोळशाचे किंवा विटेचे मोठे तुकडे ठेवावेत, आणि मुळे टोपलीच्या फटींतून बाहेर लोंबू द्यावीत; ती आत वळवण्याचा हट्ट करू नये. सागाच्या पट्ट्या ऊन-पावसात टिकतात, म्हणून त्या चांगल्या. शेतात किंवा अंगणात झाड असेल तर मात्र टोपलीपेक्षा झाडच उत्तम. आंबा, मोह, चिंच अशा खडबडीत आणि न सुटणाऱ्या सालीच्या झाडावर मुळे सहज पकड घेतात. सालईची साल कागदासारखी सोलून निघते आणि अर्जुन व निलगिरीची साल ढलप्यांनी गळते, त्यामुळे अशा झाडांवर बसवलेली आमरी सालीसकट खाली येते. रोप खोडाच्या पूर्व किंवा ईशान्य बाजूला, माणसाच्या उंचीच्या थोडे वर, सुतळीने किंवा मऊ सुती पट्टीने खोडाशी घट्ट बांधावे; रोप हलत राहिले तर मुळांची कोवळी टोके घासून मोडतात. तांब्याची तार वापरू नये, कारण तांबे आमरींच्या मुळांना विषारी ठरते. बांधणीला मृगाचा पाऊस सुरू होण्याचा काळ सर्वांत सोयीचा: चार महिन्यांची ओल मिळते, नवी मुळे फुटतात आणि दिवाळीपर्यंत रोप झाडाला चिकटते, तोवर सुतळीही कुजून गळून गेलेली असते.

उजेडाबाबत हात आखडू नये. ही आमरी निष्पर्ण झाडांवर राहायला सरावलेली असल्याने तिला सकाळचे थेट ऊन आणि दिवसभर भरपूर उजेड हवा असतो. घरात, खिडकीपासून चार हात दूर ठेवलेली व्हँडा वर्षानुवर्षे जगेल, पण फुलणार नाही. पाने गडद हिरवी आणि लुसलुशीत दिसत असतील, तर ते आरोग्याचे नव्हे, अपुऱ्या उजेडाचे लक्षण मानावे. पुरेशा उजेडातील पाने किंचित पिवळसर हिरवी आणि ताठ असतात. अर्थात रोपवाटिकेच्या सावलीत वाढलेले रोप एकदम वैशाखाच्या उन्हात टांगले तर पानांवर पांढरट भाजल्याचे डाग पडतात, म्हणून सवय हळूहळू लावावी. घाटाखाली एप्रिल ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ५० टक्के सावली देणारी जाळी बांधणे आवश्यक असते. घाटावर, विशेषतः बुलढाणा-चिखली परिसरात, दुपारची झाडाची सावली पुरते. हिवाळ्यात मात्र घाटावरची रात्र अधिक गार असते, आणि पारा दहा अंशांच्या खाली जाण्याची चिन्हे असतील तर टोपल्या भिंतीच्या आडोशाला आणाव्यात.

पाण्याविषयी नियम एकच: मुळे पूर्ण भिजली पाहिजेत आणि काही तासांत पूर्ण सुकली पाहिजेत. वरवर पाणी शिंपडून भागत नाही. मुळे पांढऱ्याची पूर्ण हिरवी होईपर्यंत पाणी द्यावे, किंवा टोपली दहा-पंधरा मिनिटे बादलीत बुडवून काढावी. उन्हाळ्यात हे रोज सकाळी करावे आणि लू वाहत असेल त्या दिवशी ऊन कलल्यावर पुन्हा एकदा मुळे ओली करावीत. थंडीत दोन-तीन दिवसांआड सकाळी पुरते. पावसाळ्यात पाऊस पडत असेल तर काहीही घालू नये. त्या काळात मारक ठरते ती पागोळीखाली टांगलेली जागा, जिथे पाऊस थांबल्यावरही तासन्तास थेंब गळत राहतात. पानांच्या बेचक्यात, विशेषतः शेंड्याशी, रात्रभर पाणी साचू देऊ नये. एकाक्ष वाढीच्या झाडाला शेंडाकूज झाली की वाढ तिथेच थांबते, आणि नशिबाने बुडातून पिल्लू फुटले तरच झाड वाचते.

पाण्याच्या प्रमाणापेक्षा त्याचा दर्जा घाटाखाली अधिक अडचणीचा ठरतो, आणि आमरींविषयीच्या सर्वसाधारण पुस्तकांत हा मुद्दा फारसा येत नाही. पूर्णेच्या दोन्ही तीरांवरचा बुलढाणा, अकोला आणि अमरावती या तीन जिल्ह्यांत पसरलेला पट्टा खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. इथले भूजल इतके खारे असते की अनेक गावांत ते पिण्याला आणि ओलितालाही चालत नाही. कपाशी किंवा हरभऱ्याच्या शेतात पावसाचे पाणी काही क्षार खाली वाहून नेते. आमरीच्या उघड्या मुळांवर मात्र विहिरीचे पाणी सुकले की क्षारांचा पांढरा थर तसाच राहतो, दर वेळी वाढत जातो, आणि वेलामेन त्यातून पाणी शोषण्याऐवजी उलट गमावू लागते. मुळांची टोके तपकिरी होऊन वाढ थांबणे हे त्याचे पहिले लक्षण. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या भागांत आमरी लावायची असेल तर पन्हाळीचे पाणी साठवण्याची सोय आधी करावी आणि रोप मग आणावे. पाण्यातील विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दर लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर काळजी नाही. ते मोजणारे छोटे यंत्र बाजारात स्वस्तात मिळते. सावलीत झाकून ठेवलेली दोनशे लिटरची एक टाकी दोन-तीन टोपल्यांना उन्हाळाभर पुरते, कारण बुडवलेले पाणी त्याच बादलीत पुन्हा वापरता येते. फक्त एका रोपाला कूज झाली असेल तर त्याचे पाणी दुसऱ्याला देऊ नये.

खताचा विषय त्या मानाने सोपा आहे, कारण त्यासाठी लागणारी वस्तू जिल्ह्यातल्या प्रत्येक कृषी सेवा केंद्रात मिळते. ठिबकमधून दिले जाणारे १९:१९:१९ हे विद्राव्य खत, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश समप्रमाणात असलेले खत, लिटरमागे एक ग्रॅमपेक्षा जास्त न घेता जून ते ऑक्टोबर आठवड्यातून एकदा आणि मार्चपासून फुले येईपर्यंत पंधरवड्यातून एकदा मुळांवर फवारावे. आधी मुळे साध्या पाण्याने भिजवून घ्यावीत, नाहीतर कोरडे वेलामेन खताचे तीव्र पाणी एकदम ओढून घेते. थंडीत वाढ मंदावलेली असते, तेव्हा खत बंद ठेवावे. कपाशीच्या मात्रेची सवय असलेल्या हाताला हे प्रमाण हास्यास्पद वाटेल, पण रानात या झाडाला पावसाच्या पाण्यातून जे मिळते ते याहूनही कमी असते.

कीड म्हणून प्रामुख्याने खवले कीड आणि पिठ्या ढेकूण पानांच्या खालच्या बाजूला आणि बेचक्यात दिसतात. थोड्या असताना ओल्या मऊ ब्रशने घासून काढणे आणि नंतर निंबोळी तेलाचा हलका फवारा, एवढे पुरते. पावसाळ्यात गोगलगायी कोवळी मुळे आणि फुलांचे दांडे खातात, आणि टांगलेल्या टोपलीला हाही एक फायदा आहे की तिथवर त्या क्वचितच पोहोचतात. कुजलेला भाग दिसला तर तापवून निवालेल्या पात्याने निरोगी पेशी दिसेपर्यंत कापून जखम कोरडी होऊ द्यावी आणि काही दिवस तिथे पाणी लागू देऊ नये.

पुरेसा उजेड मिळालेल्या झाडाला साधारण मार्चपासून दांडे दिसू लागतात आणि एप्रिल ते जुलैच्या दरम्यान फुले येतात. दांडा दिसल्यावर टोपलीची दिशा बदलू नये, कारण कळ्या उजेडाच्या रोखाने वळत असतात आणि दिशा बदलली की दांडा वेडावाकडा होतो. फुले उमलल्यावर टोपली काही दिवस घरात आणायला हरकत नाही. फुले सुकल्यावर दांडा बुडाशी कापावा. फळ धरू दिले तर ते पिकायला अनेक महिने लागतात आणि लहान झाडाची शक्ती त्यात खर्च होते.

तरीही एखाद्या थोराड झाडाला एक फळ धरू द्यावे, कारण या कुळाची सर्वांत विलक्षण गोष्ट त्या फळात असते. आमरींचे पराग सुटे नसून मेणचट गोळ्यांच्या रूपात असतात. फुलावर उतरलेल्या कीटकाला चिकट चकतीच्या साहाय्याने हे परागपुंज चिकटतात आणि पुढच्या फुलात अख्खेच्या अख्खे पोहोचतात. एका भेटीत प्रचंड संख्येने पराग मिळाल्याने ७ ते ९ सेंटिमीटर लांबीच्या, उभ्या कडा असलेल्या बोंडात धुळीसारखे असंख्य बी तयार होते. वाऱ्यावर दूर जाण्यासाठी हे बी इतके हलके असते की त्यात अंकुराला पुरेल एवढे अन्नच नसते. झाडाच्या सालीवर वाढणाऱ्या विशिष्ट बुरशीचे तंतू बीत शिरले आणि त्यांनी साखर पुरवली तरच ते रुजते, ही गोष्ट फ्रान्समधील नोएल बर्नार यांनी १८९९ साली दाखवून दिली. त्यामुळे घरी बी कुंडीत पेरून काहीही उगवत नाही. १९२२ साली अमेरिकेतील लुईस नडसन यांनी साखर आणि क्षार घातलेल्या निर्जंतुक आगरवर, म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेल्या जेलीवर, बुरशीशिवाय बी रुजवले, आणि आज बाजारात मिळणारी बहुतेक सर्व आमरींची रोपे त्याच रीतीने बाटलीत जन्मलेली असतात. बाटलीतून निघालेले व्हँडाचे रोप फुलायला चार ते सहा वर्षे लागतात. एवढा धीर नसेल त्याने फुलण्याच्या वयाचे रोप घ्यावे, किंवा ओळखीच्या घरच्या जुन्या, उंच वाढलेल्या झाडाचा निदान तीन-चार मुळे असलेला शेंडा मागून घ्यावा. बुडाला राहिलेल्या खोडातून बहुधा नवी पिल्ले फुटतात, त्यामुळे देणाऱ्याचेही नुकसान होत नाही. सिक्कीममधील पाक्योंग येथे १९९६ पासून असलेले राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र आमरींच्या लागवडीवर काम करते. त्याचा भर अर्थातच थंड आणि दमट हवामानातील व्यापारी जातींवर आहे. कोरड्या पट्ट्यातील या देशी जातीची बाटलीतील रोपे विदर्भातल्या रोपवाटिकांनी हाती घेतली तर त्यांना गिऱ्हाईक मिळेल, असे मानायला जागा आहे, कारण शेगाव-खामगावच्या उन्हात फॅलेनॉप्सिससारखी दमट अरण्यातली आमरी वातानुकूलित खोलीबाहेर तग धरत नाही.

रानातून झाड काढून आणणे हा मात्र पर्याय नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २९ नुसार अभयारण्यातून परवान्याशिवाय कोणतीही वनस्पती वा वनोपज काढणे गुन्हा आहे, आणि हे अंबाबरवा व ज्ञानगंगा या दोन्हींना लागू होते. राखीव वनांना १९२७ चा भारतीय वन अधिनियम लागू आहेच. शिवाय संपूर्ण आमरी कुळ सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत असल्याने देशाबाहेरचा व्यापार नियंत्रित आहे. कायद्यापलीकडचे कारणही व्यवहारी आहे: खोडाला चिकटलेली मुळे ओरबाडताना तुटतात, आणि मुळे तुटलेली वयस्क व्हँडा क्वचितच सावरते.

अपवाद करावा लागतो तो पडणाऱ्या झाडांचा. रस्ते रुंद करताना, विहिरीजवळचा जुना आंबा विकताना किंवा वादळात खोड उन्मळल्यावर त्यावरची आमरी जळणाच्या ढिगात जाते. खाजगी शेतातले झाड असेल तर मालकाच्या, आणि सरकारी हद्दीतले असेल तर वन विभागाच्या परवानगीने, आमरी सालीपासून न सोडवता त्या सालीच्या तुकड्यासकट काढावी, मेलेली मुळे तेवढी कापावीत, आठवडाभर सावलीत टांगून सकाळी पाणी द्यावे आणि मग तो सालीचा तुकडाच जवळच्या दुसऱ्या आंब्याला किंवा चिंचेला बांधावा. जुनी मुळे सालीसकट शाबूत राहिल्याने असे झाड नव्या जागी लवकर स्थिरावते. पहिल्या उन्हाळ्यात त्याला वरून पाणी द्यावे लागते, आणि एकदा नवी पांढरी मुळे नव्या खोडावर दोन-तीन वितींपर्यंत पसरली की पुढचे उन्हाळे ते बहुधा स्वतःच काढते.